मधुमालतीतले बुलबुल आणि मी टांगलेला परिंडा

माझं सगळं बदललं तो क्षण आधीच सांगून टाकतो. मार्चचा शेवटचा आठवडा, जयपूरचं वैशाली नगर, सकाळचे पावणेसात. एक टकाचोर पक्षी मी टांगलेल्या मातीच्या भांड्यावर येऊन बसला, दोन घोट पाणी प्यायला आणि मान वाकडी करून डावीकडे बघायला लागला. डावीकडे हातभर अंतरावर बुलबुलाचं घरटं होतं.

आता पहिल्यापासून.

मी पक्षी बघायला गेलोच नव्हतो. मी मुक्ताला बघायला गेलो होतो. मुक्ता माझ्याबरोबर साताऱ्यात बारावीला होती. ती पुढे नीट शिकली, नोकरीला लागली आणि जयपूरला मामा-मामींकडे राहायला गेली. मामा बँकेत, बदली होऊन तिकडे गेलेले. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. कारण विचारू नका, बाबा रोज विचारतात तेवढं पुरे आहे. वर्षभर मी तिला फोनवर एकच गोष्ट विचारत होतो, लग्न करशील का. आणि ती वर्षभर एकच शब्द बोलत होती, "बघू." शेवटी म्हणाली, "फोनवर नको. इथे आता घरट्यांचे दिवस आहेत. ये बघायला, मग बोलू." मी त्यातलं 'बोलू' तेवढं ऐकलं आणि तिकीट काढलं.

पुण्याहून जयपूरला थेट गाडी आहे, जवळजवळ एक अख्खा दिवस जातो. स्लीपरने जाऊ नका. मी गेलो, आणि कोट्यापर्यंत माझ्या बर्थवर एका काकांचे पाय होते. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने वैशाली नगरचे तीनशे सांगितले. मी भांडून दोनशेवर आणले, मग त्याने मला चौकातच उतरवलं आणि म्हणाला, "दो सौ में यहीं तक." चालत गेलो. दुपारचे चार, डोक्यावर ऊन, खांद्यावर बॅग.

मामी दारातच म्हणाल्या, "अरे, सातारचा पोरगा आणि लॉजवर राहणार? मतलब लोक काय म्हणतील! वरची खोली आहे ना." वरची खोली होती, खोलीत कूलरही होता. पण कूलर लावायचा नाही. हिवाळाभर तो बंद होता, तेवढ्यात होल्याच्या, म्हणजे कबुतरासारख्या रानपाखराच्या, एका जोडीने त्याच्या आत गवताच्या जाळीवर चार काड्या टाकून दोन अंडी घातली होती.

"मग पंखा?" मी विचारलं.

"पंखा लाव की. दोनवर. जास्त नको, ती दचकते," मामी म्हणाल्या.

म्हणजे जयपूरच्या गरमीत मी घामाने निथळत होतो आणि समोर लोखंडी पेटीत होल्याची मादी माझ्याकडे लाल डोळ्याने बघत आरामात बसली होती. काय राव.

शनिवार. पहाटे साडेपाचला मुक्ताने दार वाजवलं. मला वाटलं, बोलायला. तिने माझ्या हातात एक वही दिली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मधुमालतीचा वेल आहे, त्यात बुलबुलाचं घरटं, घरट्यात तीन पिल्लं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, जाळीच्या आडून बघायचं. आई किंवा बाप आला की वेळ लिहायची, चोचीत काय होतं ते लिहायचं.

"मुक्ता, मला तुझ्याशी..."

"शूऽऽ. आठपर्यंत बोलायचं नाही."

मी चौदाशे-पंधराशे किलोमीटर लांबून बोलायला आलोय आणि ही मला शूऽऽ करते. सहा दहा, अळी. सहा अठरा, नाकतोडा. सहा एकवीस, कळलं नाही. दोन तास मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलो, तिच्या केसांतून शिकेकाईचा वास येत होता, आणि मी लिहीत होतो, अळी, अळी, नाकतोडा. खोटं का बोलू, पिल्लं तोंडं उघडायची तेव्हा नुसती तीन लाल भोकं दिसायची आणि हसू यायचं. पण मी हसलो नाही. मी चिडलेलो होतो.

आठला बोलू म्हटलं तर ती म्हणाली, "चल, कॉलनीतली घरटी मोजायची आहेत." दिवसभर उन्हात मी तिची पाण्याची बाटली धरून फिरलो. मीटरच्या डब्यात मैना, दिव्याच्या खांबाच्या पाइपात चिमण्या, एका घराच्या वायरीवर शिंजीर नावाच्या इवल्या पक्ष्याचं लोंबतं घरटं. त्या घरच्या आजी म्हणाल्या, त्यांनी पंधरा दिवस त्या वायरीचा दिवाच लावलेला नाही. सगळं शहर पक्ष्यांना घाबरून जगतंय असं मला वाटायला लागलं.

रविवारी स्मृती वनात गेलो. सकाळी लवकर जा, नऊनंतर पक्षीही कंटाळतात. मोर इतके की आपल्याकडे कोंबड्या असतात तसे. मी ठरवून एका बाकावर विषय काढला. मी तोंड उघडलं की मागून मोर ओरडायचा. तिसऱ्यांदा मुक्ता हसून हसून वाकली. बाहेर प्याज कचोरी खाल्ली, गरमागरम, एक पुरते. तेवढीच काय ती त्या दिवसाची कमाई.

सोमवारी ती ऑफिसला गेली. मी आदर्श नगरच्या बाजूला भटकत होतो, तिथे फुटपाथवर एक कुंभारीण परिंडे विकत होती. परिंडा म्हणजे पक्ष्यांच्या पाण्याचं मातीचं पसरट भांडं, तीन दोऱ्यांनी टांगायचं. उन्हाळा लागला की तिकडे घरोघरी, झाडोझाडी टांगतात.

"ले जाओ भैया, पुण्य होगा."

मला पुण्य नको होतं. मला मुक्ताने बघायला हवं होतं की मलाही कळतं. पिल्लांची आई दिवसभर पळते, तिला पाण्याला लांब जायला लागू नये, म्हणून मी तो घरट्याच्या अगदी शेजारी, वेलाच्या पाइपाला टांगला. मामी खाली टीव्ही बघत होत्या. मुक्ता अंधार पडल्यावर आली आणि थकून झोपली. मी कोणालाच सांगितलं नाही. सकाळी दाखवणार होतो.

मंगळवारी मुक्ता अंघोळीला गेली होती, मी एकटाच खिडकीत. टकाचोर म्हणजे तांबूस अंगाचा, लांब शेपटीचा, कावळ्याचा भाऊबंद. तो पाण्याला आला. तो आला म्हणून त्याची जोडीदारही आली. मग त्यांना घरटं दिसलं. मी ओरडलो, झाडू घेऊन गॅलरीत धावलो. तोवर दोघांनी एकेक पिल्लू उचललं होतं. मी वेलावर झाडू मारत सुटलो आणि तिसरं पिल्लू माझ्याच धक्क्याने खाली फरशीवर पडलं.

मुक्ता ओल्या केसांनी पळत आली. तिने ते उचललं. ते हलत नव्हतं.

मामी म्हणाल्या, "शेजारची मांजर आली असेल, मी म्हणतच होते."

मुक्ताने वही उघडली आणि पेन हातात घेऊन थांबली. मला गप्प बसता आलं असतं. त्या दिवशी दुपारचीच माझी गाडी होती, मांजरीवर ढकलून निघून गेलो असतो.

"मांजर नाही," मी म्हणालो. "टकाचोर होते. पाण्याला आले. पाणी मी टांगलं."

तिने वर बघितलं, मग त्या भांड्याकडे. "किती वाजता?"

"काय?"

"टांगलंस किती वाजता?"

"काल दुपारी, चारच्या सुमारास."

तिने ते लिहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामी हळूच म्हणाल्या, "अरे, परिंडा घरट्यापासून लांब लावतात. पाण्याला सगळेच येतात ना. इथे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"मला काय माहीत! मी चांगल्यासाठीच केलं ना?" माझा आवाज चढला.

"माहीत नव्हतं तर विचारायचं," मुक्ता म्हणाली. "मामी खाली बसली होती. मला फोन करता आला असता. तुला वाटलं त्यांना पाणी हवंय, मग संपलंच."

आणि मी गाढव, त्याच वेळी, तिच्या हातात ते पिल्लू असताना म्हणालो, "आणि आपलं काय? त्याचं उत्तर दे ना एकदाचं."

तिने कुंडीतली माती उकरून पिल्लू पुरलं, परिंडा सोडला आणि रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाला नेऊन बांधला. वेलावर पिल्लांची आई चोचीत अळी धरून बसली होती. मी निघालो तेव्हाही ती तशीच होती.

जाणार असाल तर मार्चअखेर जा, सुती कपडे न्या, रिक्षाचं भाडं कुठल्या दारापर्यंत ते आधी ठरवा. घरट्याचा फोटो काढायला पानं बाजूला करू नका. आणि ज्याचं घर आहे त्याला विचारल्याशिवाय काही टांगू नका.

साताऱ्यात येऊन आता दोन आठवडे झालेत. काल मुक्ताचा मेसेज आला, बुलबुलांनी घरामागच्या लिंबाच्या झाडात पुन्हा काड्या न्यायला सुरुवात केलीय. मी लगेच गाड्या बघितल्या, तिकीट निवडलं, आणि मग तिला फोन लावला.

"येतो मी. खिडकीतच बसेन. तोंड उघडणार नाही."

"नको येऊस, ओंकार."

"घरट्यासाठी नको, की तुझ्यासाठी?"

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "माझं उत्तर नाही असं आहे. तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, म्हणून बोलावलं होतं. चारही दिवस मला धीर झाला नाही."

माझ्या तोंडात दहा गोष्टी आल्या. तिकिटाचं, उन्हाचं, त्या स्टुलाचं. मी फक्त विचारलं, "अंडी घातली की सांगशील?"

"सांगेन," ती म्हणाली.

हे सगळं आज सकाळपासून लिहितोय. ते तिकीट काढलं नाही. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली, बाबा बाहेर पेपर वाचायचं नाटक करतायत आणि त्यांना आज पुन्हा तेच, इंजिनिअरिंग का सोडलं, विचारायचंय हे मला इथून कळतंय. "येतो जरा फिरून," असं त्यांना सांगतो, चपला घालतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.