खुलाशाशिवाय शाई नाही

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावर जुने पेपर साचतात तसे ते साचत जातात, आणि एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात. परवा एका लग्नात जुन्या ऑफिसातले एक जण भेटले आणि म्हणाले, "ते शब्दकोड्याचं सांगा ना." झालं! पंगत उठली तरी मी सांगतच होतो. बायको म्हणाली, एकदाचं लिहून टाका म्हणजे आम्ही सुटू. म्हणून लिहितो.

आमचं ऑफिस नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं, सरकारी, पूल आणि मोऱ्यांचे नकाशे काढणारं. साल सत्तरच्या आगेमागे. मी तिथे ट्रेसर होतो. दुसऱ्यानं पेन्सिलनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग क्लॉथ पसरायचं आणि खालून दिसेल ते शाईनं गिरवायचं, एवढंच माझं काम. डोकं वापरायची परवानगी नव्हती आणि माझी तशी मागणीही नव्हती.

हेड ड्राफ्ट्समन होते घाटे. महाल भागात राहायचे, सायकलनं यायचे, दिवसाला वीसेक शब्द बोलायचे. मुंबईचा इंग्रजी पेपर गाडीनं एक दिवस शिळा होऊन पोचायचा आणि मधल्या सुट्टीत घाटे त्यातलं कोडं सोडवायचे. साधं कोडं नव्हे. यात क्लू बोलतो एक आणि उत्तर भलतीकडेच दडलेलं असतं. कुठे अक्षरांची फिरवाफिरव, कुठे एका शब्दाच्या पोटात दुसरा. आम्ही डबे खात बघत बसायचो. घाटे उत्तर म्हणायचे, आम्ही मान हलवायचो, घाटे शाईनं लिहायचे. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

*

मग रामटेके आला. ज्युनियर ड्राफ्ट्समन, वडील मिलमध्ये. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत घाट्यांनी क्लू वाचला. मोडकं हृदय आणि सारं जग, असं काहीतरी होतं. घाटे म्हणाले, "अर्थ. पृथ्वी." आम्ही मान हलवली.

रामटेके म्हणाला, "काहून?"

घाट्यांना अकरा वर्षांत कुणी 'काहून' विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "दिसते," ते म्हणाले.

"मले नाही दिसत," रामटेके म्हणाला. "आमच्या घरी छप्पन सालापासून एकच नियम आहे, घाटेजी. समजल्याबिगर मान हलवाची नाही."

घाट्यांनी पेन खाली ठेवलं. रामटेके कागद घेऊन बसला तो साडेतीनपर्यंत. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हार्ट हा शब्द मोडला, म्हंजे त्याची अक्षरं इकडची तिकडं केली, का अर्थ होते. म्हंजे पृथ्वी. म्हंजे सारं जग. आता हलवतो मान." आणि त्यानं हलवली.

घाट्यांना अकरा वर्षं उत्तरं दिसत होती, पण ती का दिसतात हे त्यांनाही बहुतेक त्याच दिवशी कळलं. तेव्हापासून कोड्यालाही नकाशाचाच कायदा लागू झाला. आधी पेन्सिल, मग तपासणी, मग शाई. घाट्यांनी उत्तर सांगायचं, रामटेकेनं खुलासा करायचा, आणि खुलासा मंजूर झाल्याशिवाय शाई नाही.

मंजुरी कुसुमताईंची. त्या आमच्या टायपिस्ट. त्यांना कोड्यात काडीचाही रस नव्हता, म्हणूनच त्यांना नेमलं. त्यांना समजलं की त्या मशीनवरून मान न उचलता "हं" म्हणायच्या. "हं" आलं की घाटे पेन उघडायचे.

*

एकदा मुंबईहून एक इंजिनियर साहेब तपासणीला आले. मधल्या सुट्टीत आमच्या टेबलापाशी उभे राहिले आणि घाट्यांनी क्लू वाचायचा अवकाश, की उत्तर! पाच मिनिटांत बारा उत्तरं. आम्ही थक्क झालो.

घाटे बाराही उत्तरं पेन्सिलनं लिहून थांबले.

"शाईनं लिहा की," साहेब म्हणाले.

"खुलासा झाला पाहिजे, सर," रामटेके अदबीनं म्हणाला. "पह्यल्यापासून सुरू करा. या बाईंले समजावून सांगा."

साहेबांना एकही समजावता येईना. त्यांनी मुंबईहून विमानानं निघताना त्याच सकाळचा ताजा पेपर वाचला होता, आणि त्यात या कोड्याची उत्तरं छापून आली होती. घाट्यांनी रबर घेतलं, बाराही उत्तरं खोडली आणि पहिला क्लू पुन्हा वाचला. तपासणीचा रिपोर्ट आमच्याविरुद्ध गेला, पण त्याला इलाज नव्हता.

*

आता माझी फजिती सांगतो. अर्धवट सुटलेलं कोडं घाटे कापून ड्रॉइंग बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात टाचून ठेवायचे. एका मोरीचा नकाशा घाईचा होता. मी त्यावर क्लॉथ पसरलं आणि खालून दिसलं ते सगळं गिरवलं. मोरी गिरवली, नाला गिरवला, उत्तर दिशेचा बाण गिरवला आणि कोडंही गिरवलं, क्लूंसकट. काळी घरं भरायला अर्धा दिवस गेला. हात दुखला, पण काम सुबक झालं.

घाट्यांनी नकाशा तपासून सही केली. कोड्यातली उत्तरं बरोबर होती, त्यामुळे त्यांना हरकत घेण्यासारखं काही दिसलं नसावं.

निळ्या प्रती चार सबडिव्हिजनला गेल्या. एका ओव्हरसियरचं पत्र आलं: "उजव्या कोपऱ्यातील काळ्या चौकटी दगडी बांधकामाच्या समजाव्यात काय?" दुसऱ्या दोघांनी काहीच विचारलं नाही, याची आम्हाला जास्त काळजी वाटली. चौथ्या ओव्हरसियरनं नकाशा परत पाठवला. त्यात चौदा आडवे पेन्सिलनं भरलेलं होतं.

रामटेकेनं मसुदा केला, कुसुमताईंनी टाइप केला, घाट्यांनी सही केली: "चौदा आडवे याबाबतचा आपला खुलासा सात दिवसांत सादर करावा."

सहाव्या दिवशी खुलासा आला, तीन प्रतींत. कुसुमताई "हं" म्हणाल्या. मोरी अजून उभी आहे, मी मुद्दाम जाऊन बघून आलो.

*

रामटेकेचा खुलासा इतका पक्का असायचा की उत्तर चुकलं तरी खुलासा चुकायचा नाही. एकदा पेपरात छापलेलं उत्तर वेगळं निघालं. आम्ही दोन्ही बाजू कुसुमताईंपुढे ठेवल्या. त्यांनी रामटेकेच्या बाजूनं "हं" म्हटलं. मग पेपरलाच पत्र लिहिलं, की आपलं उत्तर तपासून घ्यावं.

महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. "उत्तर आमचंच बरोबर आहे. मात्र तुमचा खुलासा आमच्यापेक्षा चांगला आहे." ते कार्ड रामटेकेच्या टेबलाच्या काचेखाली शेवटपर्यंत होतं. पाहुणा आला की काचेवरची फाइल तो सहज बाजूला करायचा.

*

कुसुमताईंनी उभ्या नोकरीत एकच उत्तर सांगितलं. मे महिना होता, कूलर बंद पडलेला, एका शब्दावर चाळीस मिनिटं गेलेली. त्या टाइप करता करता उत्तर म्हणाल्या. घरांत चपखल बसलं.

"खुलासा?" रामटेकेनं विचारलं.

"मला काम आहे," त्या म्हणाल्या.

ते उत्तर पेन्सिलमध्येच राहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच होतं, पण नियम तो नियम.

*

आणि ओर्बेलिन. हा शब्द नीट लक्षात ठेवा.

एका सोमवारी घाट्यांनी क्लू वाचला, जहाजावरच्या उजेडाबद्दल काहीतरी होतं, सात अक्षरं. आणि गंभीरपणे म्हणाले, "ओर्बेलिन."

आम्ही रामटेकेकडे पाहिलं. त्यानं अर्धं मिनिट छताकडे बघितलं. "ओर्ब म्हंजे गोळा. काचेचा गोळा. जुन्या जहाजावर मागच्या बाजूले तसा कंदील टांगत. त्याले ओर्बेलिन म्हणत. आता चालत नाही तो शब्द."

"माझा भाऊ नेव्हीत आहे," कुसुमताई म्हणाल्या. "त्याच्या तोंडून ऐकलाय बहुतेक. हं."

घाट्यांनी शाईनं लिहिलं. मग पेन बंद केलं आणि त्यांना काहीतरी व्हायला लागलं. चेहरा मख्ख, आवाज नाही, पण डावा खांदा हलत होता. आम्हाला वाटलं उचकी लागली. मी पाणी आणायला धावलो.

ती उचकी नव्हती. घाटे हसत होते. ओर्बेलिन असा शब्दच नव्हता. रविवारी दुपारी घरी बसून त्यांनी तो बनवला होता.

रामटेके दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःचा डबा घेऊन घाट्यांच्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "शब्द खोटा होता, घाटेजी. खुलासा खराच होता." घाट्यांनी त्याला आपल्या डब्यातलं भरलं वांगं वाढलं. दोघांत त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

*

घाट्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं होती तेव्हा त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर एका रविवारी दुपारी मी, रामटेके आणि कुसुमताई महालात त्यांच्या घरी गेलो. मला तर आत जायचीच भीती वाटत होती.

घाटे खिडकीशी खुर्चीत होते. चेहरा एका बाजूला ओघळलेला, नजर बाहेर. मुलगा भिलाईहून आला होता, रजा काढून, बापाचं सगळं स्वतःच्या हातानं करत होता. चांगला मुलगा. तो आम्हाला हळूच म्हणाला, "बाबांना आता काही समजत नाही. डॉक्टर बोट दाखवून किती म्हणून विचारतात, तर हे भिंतीकडे बघतात. मी दोघांना भिलाईला घेऊन जातो."

घाटेवहिनी म्हणाल्या, "ह्यांना समजत असेल तर ह्यांना विचारून ठरवू. हे घर सोडायचं नाही म्हणतील, मला माहीत आहे. समजतच नसेल, तर मग तू म्हणशील तसं." आणि रामटेकेकडे वळल्या. "भाऊ, परवापासून खुणा करून पेपर मागून राहिले. काल डाव्या हातानं कोडं भरलं, सगळंच्या सगळं. मला इंग्रजी येत नाही. तुम्ही बघून सांगा. खरं काय ते सांगा."

रामटेकेनं कागद घेतला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. एकही घर रिकामं नव्हतं. अक्षरं वाकडी, पण स्पष्ट. पेन्सिलीची एकही रेघ नाही, सगळं थेट शाईनं. आणि एकही शब्द, शब्द नव्हता. ट्रामोक. वेल्डुरा. पिस्नाल. कुसुमताईंनी कागद पाहिला आणि पदर सारखा करत खाली बघितलं.

मुलगा आमच्या तोंडाकडे बघत होता. वहिनीही.

रामटेकेनं खुर्ची ओढली आणि घाट्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"एक आडवे," तो म्हणाला. "ट्रामोक. तिबेटात चहा उकळायचं भांडं असते, तांब्याचं. बरोबर आहे."

"हं," कुसुमताई म्हणाल्या.

"पाच आडवे. वेल्डुरा. स्पेनातला वारा. उन्हाळ्यात सुटते."

"हं."

असा तो अठ्ठावीस क्लू बोलला. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. पिस्नाल हा मासा निघाला. मधूनच खाकरायचा आणि पुढचा आकडा वाचायचा. घाटे खिडकीबाहेर बघत होते. वहिनी पदराच्या टोकानं डोळे टिपत प्रत्येक "हं" ऐकत होत्या. मुलगा दाराला टेकून उभा होता. त्याला इंग्रजी येत होतं.

शेवटचा राहिला, तेवीस उभे. रामटेके थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला. मग माझ्या हातात दिला.

तेवीस उभे, सात अक्षरं. ओर्बेलिन.

मी वर पाहिलं. घाट्यांची नजर आता खिडकीबाहेर नव्हती, रामटेकेवर होती. चेहरा तसाच ओघळलेला, आवाज नाही. फक्त डावा खांदा हलत होता.

मुलगा धावत पुढे आला. "आई, पाणी आण. बाबांना उचकी लागली."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्या घाट्यांकडे बघत होत्या.

"उचकी नाही रे ती," त्या म्हणाल्या.