देवळातली विहीर

साठच्या दशकात मी अमरावतीला नकाशे जुळवायच्या नोकरीत होतो. विमानातून काढलेला फोटो जुन्या गावनकाशावर बसवायचा, एवढंच काम. पण मोर्शीकडच्या एका गावाची विहीर दर वेळी मारुतीच्या देवळात जाऊन पडे. आठ दिवस मी कॅमेऱ्याला, विमानाला आणि नकाशा काढणाऱ्याला शिव्या घातल्या. शेवटी चिडून गावातच गेलो. फोटोत पांढरा दिसणारा हद्दीचा दगड मी खूण म्हणून धरला होता. तो नाल्याकाठी निघाला आणि एक म्हातारी त्यावर लुगडं आपटत होती.

"मावशी, हा दगड इथं काहून?" मी ओरडलो.

"शेताच्या धुऱ्यावर रिकामाच पडून होता, म्हून लेकायनं आणून देल्ला. दगड तोच हाये साहेब, जागा तेवढी बदलली."