फोटोतले कामगार

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात जिथं लंकाबाईंचं लेथ मशीन उभं होतं, तिथं आता तेलाचा काळा डाग तेवढा उरला होता. कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीची माणसं भरदुपारी येऊन मशीन टेम्पोत घालून घेऊन गेली होती. हप्ता एकही चुकला नव्हता. बाईंनी कधी मागितलीच नव्हती अशी विम्याची पॉलिसी कंपनीनं कर्जात घुसडली आणि तिचे पैसे थकले म्हणून मशीन उचललं. याला चोरी नाही तर काय म्हणायचं?

नवरा गेल्यावर बाईंनी हट्टानं या मशीनवर हात बसवला होता. सकाळी डबा घेऊन यायचं, दिवसभर उभ्यानं लोखंड कातायचं आणि पदरातला कीस झाडत घरी जायचं. मदतीला चिटपाखरू नाही. पण गाळ्यावर पाटी होती, 'लंका इंडस्ट्रीज'. गाळ्यांच्या त्या ओळीत एका मशीनचा धनीही इंडस्ट्रीजच असतो. काम मागायला जाऊन साधं नाव सांगितलं की मोठ्या कारखान्यातले साहेब फाटकावरूनच वाटेला लावतात, मग माणसानं करायचं काय?

बाईंनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पहिल्याच तारखेला कंपनीचा वकील उठला.

"हे धंद्यासाठीचं कर्ज आहे. बाई उद्योजक आहेत, ग्राहक नव्हेत. ही तक्रार इथं चालतच नाही."

आणि त्यानं दसऱ्याचा फोटो पुढे केला. मशीनला झेंडूचा हार, मध्ये बाई, दोन्ही बाजूंना टिळे लावलेली माणसांची रांग. खाली बाईंनीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं, 'लंका इंडस्ट्रीजची टीम'.

"एवढे कामगार पदरी असलेली बाई म्हणे पोटासाठी स्वतः मशीन चालवते!" वकील हसला.

ते हसणं बाईंच्या डोक्यात गेलं. दसऱ्याला गाळ्यागाळ्यांतून मशीनची आरती होते, सगळे सगळ्यांकडे जातात आणि सगळ्यांच्या फोटोत उभे राहतात. बाईंच्या फोटोतले लोक तेच, शेजारचे गाळेवाले. 'टीम' हा शब्द त्यांच्यातल्याच धोंडीरामनं हौसेनं सुचवला होता.

बाहेर आल्यावर बाईंची वकील भाग्यश्री म्हणाली, "मावशी, पोटापाण्यासाठी जो स्वतः राबून मशीन चालवतो, तो कायद्यानं ग्राहकच. पण तुमच्याकडे कामगार नाहीत हे दाखवावं लागेल. आणि ती पाटी आधी उतरवा."

"पाटी नाय उतरायची," बाई कडाडल्या. "चोरी त्यांनी करायची आन् तोंड मी लपवायचं? लय झालं!"

त्या तडक धोंडीरामच्या गाळ्यात शिरल्या. "तुझ्या टीमपायी माझं मशीन अडकलं. आता आण ती टीम!"

पुढच्या तारखेला फोटोतली माणसं दिवसाचं काम बुडवून, तेलकट शर्टांनिशी आयोगात हजर झाली. अध्यक्षांनी फोटो हातात घेऊन धोंडीरामला विचारलं, "तुम्ही लंका इंडस्ट्रीजमध्ये कामाला?"

"नाय साहेब. मी धोंडीराम इंडस्ट्रीजचा मालक हाय."

"तुमच्याकडे कामगार किती?"

"मीच."

मागून सावळीराम उठला. सावळीराम इंडस्ट्रीज. कामगार? तोही एकटाच. तिसऱ्यालाही तेच विचारून झालं तेव्हा अध्यक्षांनी फोटो खाली ठेवला. कंपनीचा वकील आता हसत नव्हता.

आयोगानं बाईंना ग्राहक ठरवलं. तक्रार चालेल आणि निकाल लागेपर्यंत कंपनीनं मशीन परत द्यावं, असा हुकूम झाला.

मशीन आलं ते गंजून. उघड्या आवारात पावसात पडलं होतं. बाईंनी त्यावरून हात फिरवला, तळवा तांबडा झाला. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

टेम्पोवाला खिडकीतूनच म्हणाला, "आमच्याकडे उतरवायला माणसं नाहीत. तुमचे कामगार बोलवा."

"पळवताना बरी होती रे माणसं!" बाई गरजल्या. मग ओळीकडे तोंड करून त्यांनी बेंबीच्या देठापासून हाक मारली, "टीम! ये रे!"

एकेक करत ओळीतली सगळी मशीनं थांबली.