बरणीतलं कमी पाणी

सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं एक दुकान आहे. इतकी वर्षं जातोय, पण दुकानदाराचं नाव मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. त्याच्या आरशापुढं, पावडरच्या डब्याशेजारी, काचेच्या बरणीत एक निळा फायटर मासा असतो. पूर्वी हा मासा आरशातल्या स्वतःवरच पिसारा फुलवून धावून जायचा. माझे वडील दाढीचा फेस तोंडावर घेऊन हसायचे, "आला बघा पैलवान."

परवा गेलो तर माशाचे पंख झिजलेले, रंग विटलेला. आरशाच्या त्या कोपऱ्यावर वर्तमानपत्र चिकटवलेलं. बरणीत पाणी निम्मंच.

"पाणी का कमी?" मी विचारलं.

"हवा घ्यायला वर यावं लागतंय की त्याला. दमायलंय आता," माझ्या मानेला टॉवेल गुंडाळत तो म्हणाला. "तुमी न्हाय का वडलांची खाट माडीवरनं खाली आणली? तसंच हे."

ती खाट त्यानं पाहिली होती. शेवटी शेवटी वडिलांची दाढी करायला तोच घरी यायचा.

कात्री चालू झाली. थोड्या वेळानं मासा हळूहळू वर निघाला, तशी ती थांबली. माशानं तोंड वर काढून हवेचा घोट घेतला, खाली जाऊन तळाला टेकला, आणि मगच कात्री पुन्हा सुरू झाली.

वडिलांना खोकल्याची उबळ आली की त्याचा वस्तरा असाच हवेत थांबायचा.