दोरीचा चाकू

पाटोद्याहून एस्टीनं बीडला निघाले होते. मांडीवर बाजारातलं वाळूक, खायची लई इच्छा, पण चिरायचं कशानं? शेजारच्या बाप्यानं खिशातून घडीचा चाकू काढून दिला. असला चाकू मी जन्मात पाहिला नव्हता, बघा. मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर, टोकाला शेळीच्या गळ्यातलं घुंगरू, आणि तिथून निघालेली लांबलचक हिरवी दोरी थेट त्याच्या करदोड्याला. मी वाळूक चिरत होते तोवर तो दोरी धरून बसला होता, जसा काही शेळीच चारतोय.

"दादा, ही दोरी कावून?"

"मावशी, आधीचे तीन चाकू गेले. लोक नेतात अन् देत न्हाईत."

"मग मागायचे की!"

तो लाजून खिडकीकडं बघायला लागला. "दिलेली चीज परत मागायला लई जड जातं. घुंगरू वाजलं की त्यांनाच ध्यानात यावं, म्हणून लावलं."

तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं पोत्याची सुतळी कापायला चाकू मागून घेतला. कापून झाल्यावर घडी घालून स्वतःच्याच खिशात टाकला, आणि गाव येताच उतरायला निघाला. घुंगरू वाजत होतं, पण म्हाताऱ्याला ऐकू कमी. दोरी ताणली, तसा हाही उठला.

"अहो, मागा की!" मी ओरडले.

त्यानं तोंडावर बोट ठेवलं, मला रामराम केला आणि मागोमाग उतरला. गाडी हलली. खिडकीतून पाहते, तर पुढं म्हातारा, मागं हा, मधे हिरवी दोरी.

तिकीट बीडचं होतं त्याचं. पण या खेपेला चाकू काही हरवला नाही.