रांगेतले अण्णा

सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये क्लोरीन टाकलं की त्या वासासरशी मला थीम पार्कमधला तो दिवस आठवतो. लेकीच्या सुट्टीसाठी मी आठवडाभर आखणी केली होती. बंगळुरातल्या आमच्या मारतहळ्ळीहून सकाळी साडेसातला गाडी, आधी पाण्याचे खेळ, जेवण, आणि शेवटी तिला हवा असलेला आकाशपाळणा. फक्त अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी त्या आखणीत धरलंच नव्हतं. रांगेत मागे कुणाचं लहान मूल रडलं की ते बाजूला सरायचे आणि "बन्नी, मुंदे होगी", या, पुढे व्हा, असं कानडीत म्हणत त्या अख्ख्या कुटुंबाला आमच्यापुढे घालायचे. "अण्णा, आपल्याबरोबरही पोर आहे!" मी चिडून म्हणायचे. "स्वल्प थांब गं, दोनच मिनिटं." अशा दोन-दोन मिनिटांत सगळी दुपार गेली. तापलेल्या फरशीवरून धावतपळत आम्ही आकाशपाळण्याशी पोचलो, तर तिथेही त्यांनी चौघांना पुढे सोडलं आणि नेमकी आमच्या तोंडावर साखळी लागली. आजची शेवटची फेरी झाली होती. लेक हुंदके देऊ लागली. मी सगळ्यांदेखत ओरडले, "तुम्हाला घेऊन कुठे जायची सोयच नाही!" अण्णा नातीचे ओले केस टॉवेलने पुसत राहिले. त्यानंतर प्रत्येक सहलीला ते म्हणायचे, "तुम्ही जाऊन या, मी घर बघतो." आता अण्णा नाहीत. आमच्या सहली अगदी वेळेवर पार पडतात, आणि जिच्यावर चिडावं अशी माझ्याशिवाय कुणी उरलेली नसते.