शेठ समोर असले की बरोबर

माझा स्वभाव संशयी आहे. तो धंद्यामुळे झाला की मुळातच तसा होता म्हणून धंदा जमला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गंगापूर रोडच्या भाजीवाल्याने तोलून दिलेले टोमॅटो मी घरी येऊन पुन्हा तोलते. नवरा म्हणतो, "मलाही एकदा तुझ्या त्या मशीन तपासायच्या स्क्रीनवर लावून बघ, खरं बोलतो की नाही ते कळेल." मी म्हणते, तुझं मला स्क्रीनशिवायच कळतं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक लहानसा गाळा आहे. तिथे मी एन्कोडर दुरुस्त करते. एन्कोडर म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याच्या, शाफ्टच्या, टोकाला बसवलेली मुठीएवढी डबी. शाफ्ट किती फिरला हे मशीनला सांगायचं, एवढंच तिचं काम. ती बिघडली की कारखानदार ती रुमालात गुंडाळून आणतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, आम्ही उघडलेली नाही हं." मी मान डोलावते आणि आधी स्क्रू बघते. स्क्रूच्या डोक्यावर कंपनीने रंगाचा एक ठिपका दिलेला असतो. तो तुटलेला असला की समजायचं, डबी उघडली गेली आहे. हे वाक्य ऐकवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा ठिपका तुटलेलाच निघतो.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती. जवळच्याच एका वर्कशॉपचे मालक अशीच एक डबी घेऊन आले. त्यांच्याकडे लोखंडाच्या गोल चकत्यांवर कडेने भोकं पाडतात. चकती एका फिरत्या टेबलावर बसवायची, टेबल ठरलेल्या अंशातून फिरतं, ड्रिल खाली येतं, भोक पडतं, टेबल पुन्हा फिरतं. पण काही दिवसांपासून भोकं सरकत होती. पाठवलेला माल परत येत होता.

"मशीन चांगलं आहे," ते म्हणाले. "सकाळी मी स्वतः उभा राहतो तेव्हा नग एकदम बरोबर. मी केबिनमध्ये गेलो की जेवणाच्या सुट्टीपर्यंत भोकं हळूहळू सरकायला लागतात. सुट्टीनंतर मी पुन्हा जाऊन उभा राहतो, पुन्हा बरोबर. संध्याकाळपर्यंत परत तेच. आता तुम्हीच सांगा, हे मशीन करतंय की माणूस?"

खरं सांगते, मला तेव्हा माणूसच वाटला. मालकाची पाठ वळली की बिघडणारं मशीन मी ऐकलं नव्हतं.

त्या मशीनवर एक बाई काम करत होती. सिन्नरकडच्या कुठल्याशा गावातून रोज एसटीने यायची. आधी पॅकिंगला होती, हुशार दिसली म्हणून मशीनवर घेतली. मालकांचं म्हणणं होतं की तिने ड्रिल खाली असतानाच टेबल फिरवलं, मशीन ठोकलं आणि आता गप्प बसली आहे. "तुम्ही एवढं लिहून द्या, की धक्का बसून बिघडलंय. मग मी तिला काढायला मोकळा." डबी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि अर्थातच म्हणाले, "आम्ही उघडलेली नाही."

ठिपके तुटलेले होते.

मी डबी ठेवून घेतली. एक जण खोटं बोलतोय हे कळलं होतं, पण त्याला ते माहीत आहे की नाही हे कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई स्वतःच गाळ्यात आली. तिशीपस्तिशीची, काटक, हातात पेरूंची पिशवी. पिशवी बघूनच माझं टाळकं सरकलं. काम सांगायच्या आधी फळं घेऊन येणारी माणसं मला ओळखीची आहेत.

"पेरू बाजूला ठेव," मी म्हटलं. "बोल काय ते."

"ताई, शेठ म्हणतात मी मशीन ठोकलं. मी नाय ठोकलं. तुम्ही आत बघणार ना? मग बघा अन् सांगा."

"तुला काढलं तर दुसरीकडे लागशीलच की."

"मशीन ठोकून आलेली बाई म्हटल्यावर कोण मशीनवर उभी करतंय? परत कांदे निवडायला जायचं." तिने आवाज चढवला नाही. "मला हे काम येतं, ताई. लय चांगलं येतं."

मी तिच्याकडे रोखून बघत विचारलं, "ही डबी कुणी उघडली होती?"

आतापर्यंत ती माझ्या डोळ्यांत बघत होती. आता पेरूंकडे बघायला लागली. "मला नाय माहीत."

झालं. माझ्या मनात निकाल लागला. बाई खोटं बोलत होती आणि तेही वाईट बोलत होती. ती गेल्यावर मी पेरू शेजारच्या गाळ्यात देऊन टाकले आणि डबी उघडायला घेतली.

आत काचेची एक पातळ चकती असते. तिच्या कडेला केसाहूनही बारीक रेघा कोरलेल्या असतात, सगळ्या सारख्या अंतरावर. एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड टिपणारा डोळा. शाफ्टबरोबर चकती फिरते आणि रेघ आड आली की अंधार, रेघ सरली की उजेड. डोळा हे उजेड-अंधार मोजत राहतो. इतक्या रेघा सरल्या, म्हणजे शाफ्ट इतका फिरला. शेजारी दुसरा डोळा असतो, जरासा सरकवून बसवलेला. आधी कोणत्या डोळ्यापुढे अंधार झाला यावरून शाफ्ट उलटा फिरतोय की सुलटा हे कळतं. बस, एवढंच. या जातीच्या एन्कोडरला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं, आपण किती सरकलो एवढंच माहीत असतं. म्हणून मशीन चालू केलं की टेबल आधी आपल्या मूळ जागेवर जाऊन टेकतं आणि तिथून मोजणी सुरू होते.

टेबलाला धक्का बसला असता तर काचेला तडा गेला असता, किंवा चकती शाफ्टवर सैल झाली असती. मी सूक्ष्मदर्शकाखाली सगळी काच फिरवून पाहिली. तडा नव्हता. चकती घट्ट होती. पण कडेला एका जागी लालसर डाग होता.

आधी गंज वाटला. बेअरिंग खराब झालं की असली तांबूस पूड निघते. पण बेअरिंग छान फिरत होतं आणि डागाच्या कडेला पिवळं होतं. पिवळा गंज मी पाहिलेला नाही. कापसाच्या बोळ्याने थोडं टिपलं आणि नाकाजवळ नेलं. हळदीचा वास होता. काचेवर कुणीतरी ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं होतं.

चकती फिरवून उजेड-अंधाराच्या लाटा स्क्रीनवर बघितल्या. एकसारख्या लाटा, एकसारख्या लाटा आणि प्रत्येक फेरीत त्या एका जागी काही लाटा गायब. तेवढ्या रेघा मोजल्याच जात नव्हत्या. दर फेरीला थोडी चूक, पुढच्या फेरीला त्यात आणखी थोडी. नवी मशीन्स दर फेरीला मोजणी पडताळून बघतात आणि चुकली की ओरडतात. हे जुनं होतं, बिचारं निमूटपणे सरकत गेलं. सकाळी चालू केलं की टेबल मूळ जागेवर टेकायचं, नग बरोबर यायचे. जेवणाच्या सुट्टीत बंद करून पुन्हा चालू केलं की पुन्हा बरोबर. मालक नेमके त्याच दोन वेळांना तिथे उभे असायचे.

म्हणजे कुणी ठोकलं नव्हतं. पण डबी कुणीतरी उघडली होती, कुंकू लावलं होतं आणि ती बाई माझ्याशी खोटं बोलली होती. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागत नाही. मी काच स्पिरिटने पुसली, डबी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपवर गेले.

मालकांच्या केबिनमध्ये मी एकच शब्द बोलले: "कुंकू."

"बघा!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "रोज मशीनच्या पाया पडूनच चालू करते ती. हे तिचंच काम." आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं. ती येऊन दारात उभी राहिली.

मलाही तेच वाटत होतं. पण समोरचा माणूस इतक्या चटकन माझ्या मताचा झाला की मला त्याचाच संशय येतो. मी विचारलं, "हे स्क्रू सगळ्यांत बारीक अ‍ॅलन कीने, सहाकोनी किल्लीने उघडतात. ती किल्ली कुठे असते?"

"इथे." त्यांनी खिशातून चावी काढून ड्रॉवर उघडला. आत किल्ल्यांचा संच नीट लावलेला. "बाहेर ठेवली की किल्लीला पाय फुटतात. या लोकांचा काय भरवसा? मी असल्याशिवाय एकही किल्ली इथून..."

ड्रॉवर उघडाच राहिला.

मी डबी त्यांच्यापुढे ठेवली, तुटके ठिपके त्यांच्याकडे करून.

"खंडेनवमीला आई आली होती," शेवटी ते म्हणाले. "दरवर्षी तीच मशीनची पूजा करते. विचारत होती, यातलं मुख्य काय? मी म्हटलं, हा त्याचा डोळा, सगळं यालाच कळतं. मग मीच... उघडून दाखवला. तिने बोट टेकवलं."

"पूजेचं ताट कुणी धरलं होतं?"

त्यांनी दाराकडे बघितलं. मग एकदम चिडून तिला म्हणाले, "मग सांगितलं का नाहीस?"

"आजींनी देवाचं म्हणून लावलं. त्यानं वाईट झालं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?" ती म्हणाली. "अन् तुम्ही मला इचारलं होतं का, शेठ? तुम्ही म्हणालात, कसं ठोकलंस ते सांग. ठोकलंस का, असं कुणीच नाय इचारलं."

मला त्या माणसाचा राग आला, आणि ती "कुणीच" म्हणाली तेव्हा मलाही मान वर करून तिच्याकडे बघवेना.

मी डबी शाफ्टवर बसवून दिली. मालक म्हणाले, "जा, कर सुरू," आणि केबिनकडे वळले.

"शेठ," ती म्हणाली, "आज तुम्ही इथंच उभे राहा. जेवणाची सुट्टी होईपर्यंत."

ते उभे राहिले. टेबल फिरत होतं, ड्रिल उतरत होतं. प्रत्येक नग उतरला की ती मापाचं गेज लावून तपासायची आणि त्यांच्या हातावर ठेवायची, तेलकट आणि गरम. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या काळ्या झाल्या. सकाळ सरली. भोकं जागच्या जागी होती.

"बास," ते हळूच म्हणाले. "कळलं मला."

तिने पुढचा नग त्यांच्या हातावर ठेवला.